एकसष्टावा दिवा आणि आईचा शालू

शनिवार, दिनांक १९ सप्टेंबर २००९, सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटे. या क्षणी माझ्या आईने पाच मीटर लांबीच्या एलईडी पट्टीवर ब्लाउज बेतायची मोठी कात्री चालवली. ही वेळ मी नंतर बाबांच्या जबानीवरून निश्चित केली, कारण तेव्हा मी घरी नव्हते. मी द्वारका चौकात, अडकलेल्या रिक्षात, मांडीवर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रीतसर सही करून आणलेले सोल्डरिंग आयर्न घेऊन बसले होते. पट्टी सुरक्षितपणे कशी कापावी याचे सात नियम मी आदल्या आठवड्यात क्रमवार लिहून काढले होते. ते नियम वहीत होते, वही माझ्या बॅगेत होती आणि बॅग माझ्या खांद्यावर होती.

इतक्या सकाळी पट्टी कापण्याची घाई कोणाला असते, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. परंतु आमच्या घरात कात्रीला पंचांग लागू होते. पितृपंधरवड्यात नवीन काही सुरू करायचे नाही, शुक्रवारी तर सर्वपित्री अमावास्या, आणि शनिवारी नऊ वीसला घट बसले की पुढचे नऊ दिवस घरात कात्री, ब्लेड आणि नेलकटर यांना रजा. (विळी चालते. यातली विसंगती मी दाखवून दिली, तेव्हा आई म्हणाली की विळी अन्नपूर्णेची आहे. यावर भौतिकशास्त्राकडे उत्तर नाही.) म्हणजे अमावास्या संपणे आणि घट बसणे यांच्या मधली सकाळ एवढाच कापण्याचा वैध कालावधी होता. तो मी वहीत चौकट करून नोंदवला होता आणि मग त्यातला बहुतेक द्वारका चौकात घालवला.

पट्टी हवी होती मालूआत्यासाठी. मालूआत्या ही बाबांची धाकटी बहीण. ती आणि तिचे यजमान येवल्याला पैठण्या विणतात. (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, नात्याच्या तक्त्यात ते बसत नाही, पण हाकेला बसते.) बावीस वर्षे दोघांनी एकाच व्यापाऱ्यासाठी विणले होते. रेशीम त्याचे, रंग त्याचा, नक्षी तो सांगेल ती. मागच्या दोन वर्षांत मात्र आत्याने हट्टाने, त्याचे काम सांभाळून, स्वतःच्या मनाच्या अकरा पैठण्या मागावरून उतरवल्या होत्या. रविवारी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांचे प्रदर्शन होते. त्या विकल्या गेल्या, तर पुढचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, आत्या स्वतःच्या रंगात लावणार होती. नाही गेल्या, तर सोमवारी त्या अकराही त्या व्यापाऱ्याकडे जाणार होत्या आणि आत्या परत त्याच्या रेशमाकडे. तसा निरोप तिने स्वतःच देऊन ठेवला होता.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन संशोधनवृत्तीच्या मुलाखतीची वाट पाहत होते. घरात कोणतीही अडचण आली की तिच्यावर शास्त्रीय इलाज सुचवणे हे मी माझे कर्तव्य समजत असे. घरचे लोक तो इलाज होऊ देत, हा त्यांचा सोशिकपणा. या वेळचा इलाज प्रकाशयोजना हा होता. बाबांनी सुताराकडून पाच फळ्यांचा उघडा रॅक करून घेतला होता. एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून मी तेव्हा नव्यानेच आलेली ती पट्टी आणली. तीनशे चिमुकले दिवे, बारा व्होल्ट, शॉक बसण्याची भीती नाही. पाच फळ्यांना प्रत्येकी साठ दिवे. गणित इतके सोपे होते की निघताना मी आईला फक्त एवढेच सांगितले, की साठ-साठ दिव्यांचे पाच तुकडे करायचे आहेत आणि मी येईपर्यंत हात लावू नकोस.

एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण ती आईला कळण्याची गरज मला वाटली नाही. या पट्टीवरचे दिवे तीन-तीनच्या गटाने जळतात. दर तीन दिव्यांनंतर तांब्याचे ठिपके आणि कात्रीची बारीक खूण छापलेली असते. कापायचे ते तिथेच. अधेमधे कापले तर तो गट मेला.

नऊ पंचवीसला मी घरी पोहोचले. घट बसले होते. कात्री फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वर गेली होती. टेबलावर पाच तुकडे ओळीने मांडलेले होते आणि आईच्या चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचे समाधान होते. मी मोजले. पुन्हा मोजले.

"आई, हे एकसष्ट आहेत."

"मग? साठ म्हणालीस तू. शून्यावर संपणारा आकडा कोणी शुभकार्याला धरतं का? आहेराच्या पाकिटातसुद्धा वर एक घालतो आपण. पाचव्याला छप्पन्नच उरले, पण तो तुकडा खालच्या फळीला लाव, दिसायचा नाही."

"अगं, ते तीन-तीनच्या गटात चालतात."

"तसं आधी सांगायचं. दिव्यांमध्येपण गट असतात हे मला काय माहीत? मला वाटलं फक्त सोसायटीत असतात."

मी वही उघडली. एकसष्ट, एकशेबावीस, एकशेत्र्याऐंशी, दोनशेचव्वेचाळीस. या चार ठिकाणांपैकी एकशेत्र्याऐंशी हा आकडा तीनने भाग जाणारा असल्यामुळे एक काप केवळ योगायोगाने खुणेवर बसला होता. उरलेल्या तीन कापांनी प्रत्येकी एक गट मारला होता. एकूण मृत दिवे नऊ, जळू शकणारे दोनशे एक्याण्णव. तुटके गट पुन्हा कापून टोके सरळ करणे हा योग्य उपाय होता, आणि कात्री फडक्यात होती. मी विळीचा विषय काढून पाहिला. आईने विळी उचलून ओट्याखाली सरकवली.

तेव्हा मी ठरवले की मेलेल्या दिव्यांची शेपटे तशीच लोंबू द्यायची आणि वायर त्यांच्या अलीकडच्या ठिपक्यांवर सोल्डर करायची. ती वायरही सोलायची कशाने, हा पुढचा प्रश्न बाबांनी सोडवला. ते दातांनी सोलत आणि मी सोल्डर करत असे. (बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या पुढच्या दातांचा सरकारी उपयोग काही नव्हता.) दुसरा तुकडा होतो न होतो तोच बारा वाजले आणि भारनियमनात वीज गेली ती अडीचला आली. पाचव्या तुकड्याची वायर बाबांनी जरा जास्त जोर लावून ओढली आणि तीन दिव्यांचा एक गट, खुणेवर नेमका, फाटून त्यांच्या दातांत आला. मी घाबरून देवघराकडे पाहिले. आईने विचार केला आणि निकाल दिला, की तुटलं ते तुटलं, कापलं नाही. वहीत नोंद: दोनशे अठ्ठ्याऐंशी.

पाचच्या बसने मालूआत्या आणि मामा आले. लोखंडी पेटी मामांच्या डोक्यावर, तिच्यावर घडी घातलेले घोंगडे. मी त्यांना प्रकाशयोजना दाखवायला घेतली. चार फळ्या उजळल्या. पाचवी उजळेना. मी मीटर काढला, जोड तपासले, सोल्डर पुन्हा वितळवले, अडॅप्टर बदलून पाहिला. चाळीस मिनिटे गेली. मामा तोवर चहा पीत जमिनीवर बसून बघत होते. ते कमी बोलतात. मागावर बसून बसून माणसाला ती सवय लागत असावी.

"मधू," ते म्हणाले, "ह्यो तुकडा तू उलटा फिरवला का?"

"हो, वायर खिडकीच्या बाजूने यावी म्हणून."

"मग काठ बदलला की. डावा काठ उजव्या हाताला आला. बाकीच्या चारांचं बघ आणि ह्याचं बघ."

पट्टीच्या एका कडेला अधिक आणि दुसऱ्या कडेला उणे असते. तुकडा फिरवला की बाजू बदलतात. हे मी बारावीच्या मुलांना शिकवले होते. मामांनी असली वस्तू आयुष्यात प्रथम पाहिली होती. मी वायरींची अदलाबदल केली, पाचवी फळी उजळली आणि वहीत मी "ध्रुवीयतेची चूक दुरुस्त केली" असे लिहिले. कोणी, ते लिहिले नाही.

सोल्डरच्या सर्व जोडांवर मी चिकटपट्टी गुंडाळली. मेलेल्या शेपटांवर नाही गुंडाळली. जो दिवा लागत नाही त्यात वीज नाही, असे मी, एम. एस्सी. भौतिकशास्त्र, प्रथम श्रेणी, गृहीत धरले. वस्तुतः दिवा मेला तरी पट्टीच्या दोन्ही कडांनी धावणाऱ्या तांब्याच्या तारा टोकापर्यंत जिवंतच असतात. लोंबणाऱ्या त्या प्रत्येक शेपटाच्या टोकाला बारा व्होल्ट उघडे पडलेले होते. माझ्या सात नियमांमधला सहावा नियम नेमका हाच होता.

रविवारी सकाळी दहाला बायका यायला लागल्या. आमच्या इमारतीतल्या सहा-सात, पलीकडच्या गल्लीतल्या तीन आणि गंगापूर रोडहून खास आलेल्या भामरे मॅडम. भामरे मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आईचे आणि त्यांचे भजनी मंडळ एक. त्यांच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात होते. भजनी मंडळात अशी पद्धत होती की खरेदीचा पहिला शब्द भामरे मॅडमचा; त्यांनी घेतले की मग इतरांना तीच वस्तू आधीपासून आवडलेली असे. त्यामुळे सगळ्याजणी साड्या पाहत होत्या आणि भामरे मॅडमकडेही पाहत होत्या.

मॅडमनी वांगी रंगाच्या पैठणीवर बोट ठेवले. पदरावर चार मोर, काठ नारळी, पूर्ण जरीचा. या एकाच साडीवर आत्या आणि मामा तीन महिने बसले होते. आत्याने ती उलगडून दाखवली, मग पुन्हा घडी करून वरच्या फळीवर टेकवली, आणि पाचही फळ्या विझल्या.

साडी उचलली, दिवे लागले. साडी ठेवली, दिवे गेले. आत्याने दुसरी पैठणी ठेवून पाहिली. तीही दिवे खाऊ लागली. तळमजल्यावरच्या काकूंनी हळूच विचारले, की साडीत करंट उतरतो का. कोणीतरी म्हणाले, नेसून देवळात गेलं आणि घंटेला हात लागला तर? दोन मिनिटांपूर्वी जिच्या पदरावर चार हात फिरत होते त्या साडीच्या आसपास आता कोणी फिरकेना. भामरे मॅडमनी पर्स खांद्याला लावली. आत्या माझ्याकडे पाहत होती. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. ती फक्त, आता हे कसे आवरायचे, अशा नजरेने पाहत होती, जशी ती तुटलेल्या ताण्याकडे पाहत असावी.

मी स्टुलावर चढले, प्लग काढला आणि कारण एका मिनिटात सापडले. वरच्या फळीवरच्या पट्टीचे एकसष्टाव्या दिव्याचे ते शेपूट साडीच्या काठावर टेकत होते. जरीचा काठ हा धातूचा. त्याने पट्टीच्या दोन्ही तारा जोडल्या, अडॅप्टरने धोका ओळखून स्वतःला बंद केले, आणि सुदैवाने तो इतक्या तत्परतेने बंद झाला की काठावर डाग पडला नाही. हे सर्व मी खाली उतरून शांतपणे, मुद्देसूद, विद्युतरोधाच्या व्याख्येपासून सांगितले. कोणालाही काही कळले नाही.

आत्याला एक शब्द तेवढा कळला.

"धातूची जरी म्हणून असं झालं म्हणतेस?"

"हो. प्लास्टिकची असती तर दिव्यांना काहीच झालं नसतं."

"मग हे मोठ्यानं बोल की पोरी. बारीक आवाजात काय सांगत बसली?"

तिने स्वतःच मोठ्याने सांगितले. ऐका हो बायांनो, बाजारात नुसत्या बघण्यावरनं फसवत्यात, आमच्या भाचीनं मशीन केलंय, खरी जरी असंल तर वीज धरतंय. मी मशीन केलेले नव्हते. मी चूक केलेली होती. परंतु भामरे मॅडमनी पर्स खांद्यावरून परत मांडीवर घेतली, आणि शास्त्राच्या इतिहासात शोधाचे श्रेय याहून क्षुल्लक कारणांनी वाटले गेले आहे.

मात्र साडी अशी उघड्या टोकांवर टेकवत राहणे धोक्याचे होते. जरीतून भलती वीज गेली असती तर रेशीम करपले असते. मग मी बाबांच्या दातांत आलेला तो तीन दिव्यांचा तुकडा शोधला. (तो बाबांनी चष्म्याच्या डबीत जपून ठेवला होता, का ते मी विचारले नाही.) त्याला अडॅप्टर जोडला, पण एक वायर वाटेत न जोडता मोकळी ठेवून दोन टोके तयार केली. ती दोन टोके काठावर टेकवायची; जरी धातूची असेल तर वीज तिच्यातून जाऊन तीन दिवे लागतील. वीज इतकी थोडी, की रेशमाला पत्ताही लागणार नाही. टोके धरायला मामा बसले, कारण साडीला हात लावायचा तो फक्त आपण, असा त्यांचा नियम होता. शेजारी मी मीटर लावून प्रत्येक काठाचा रोध ओहममध्ये नोंदवू लागले. त्याची कोणी मागणी केलेली नव्हती. पण मोजण्यासारखे काही समोर असताना ते न मोजणे मला जमत नाही.

अकराच्या अकरा पैठण्यांना दिवे लागले. एवढ्यावर थांबलो असतो तर हे विनोदी लिखाण झाले नसते.

बायका घरी गेल्या आणि आपापल्या साड्या घेऊन परत आल्या. तासाभरात आमचा हॉल रक्त तपासायच्या प्रयोगशाळेसारखा झाला. मी प्रत्येकीला सांगत होते, की हा प्रयोग फक्त धातू आहे की नाही एवढे सांगतो. तांबे की चांदी हे सांगत नाही. ते कोणी ऐकले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सासूबाईंच्या साडीला दिवे लागले आणि त्यांनी सुनेला माहेरून आलेली साडी आणायला लावली. तिला लागले नाहीत. सुनेने शांतपणे सासूबाईंनी लग्नात तिला घातलेली साडीही आणली. तिलाही लागले नाहीत. दोघी एकाच लिफ्टने गेल्या, पण लिफ्ट दोन असत्या तर दोन वापरल्या असत्या. तळमजल्यावरच्या काकूंनी यंत्र बिघडले आहे असे जाहीर केले, कारण त्यांची साडी सात वेळा लावूनही दिवे लागले नाहीत. बाबा दाराशी उभे राहून नंबर देत होते. पैठणी मात्र एकही विकली गेली नव्हती. साडेबारा वाजले होते.

अखेर भामरे मॅडम बोलल्या. वर्गात कॉपी पकडताना त्या ज्या आवाजात बोलत असतील त्याच आवाजात.

"मालूताई, यंत्र तुमचं, धरणारे हात तुमचे, साडी तुमची. तुमच्या सगळ्या साड्या पास आणि आमच्या निम्म्या नापास. मला कसं पटावं? विकायची नाही अशी एखादी साडी लावून दाखवा. या घरातली. खरीच आहे अशी खात्री असलेली."

आता सगळे इथे येऊन ठेपले होते. मॅडम उठल्या असत्या तर बाकीच्याही उठल्या असत्या, आणि सोमवारी पेटी त्या व्यापाऱ्याच्या दारात गेली असती.

"त्यात काय एवढं," आई म्हणाली. "माझा लग्नातला शालू आहे ना."

आईचे माहेर निफाडचे. द्राक्षबागेतली लाडकी लेक येवल्याच्या विणकराच्या घरात दिली म्हणून तिच्या भावकीने तेव्हा नाके मुरडली होती. त्यावर तिचे एकच उत्तर होते, अस्सल जरीचा हिरवा शालू, जो माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, तिच्या अंगावर घातला होता. वर्षातून एकदा तो उन्हात निघे, आणि दर वेळी आई काठावरून हात फिरवून म्हणे, की विणकराच्या घरची जरी आहे, ती फसवी नसते. ती कपाटाकडे जवळजवळ धावतच गेली. तेव्हा आत्याने मामांकडे पाहिले. मामा वायरीची टोके पाहत होते. त्यांच्यात काय चालले आहे ते मला कळले नाही. मी मीटरचे शून्य तपासत होते.

आईने शालू मामांच्या मांडीवर पसरला. मामांनी काठ हातात घेतला, अंगठ्याखाली एकदाच घासला, आणि वायरीची दोन्ही टोके घेऊन हात काठाच्या घडीखाली नेले.

दिवे लागले. तिन्ही, स्वच्छ पांढरे.

"बघा," आई म्हणाली. ती भामरे मॅडमना म्हणाली, पण पाहत होती निफाडकडे.

भामरे मॅडमनी मोरांची पैठणी घेतली. त्यानंतर सव्वा तासात तळमजल्यावरच्या काकूंनीसुद्धा एक घेतली. (यंत्र दुरुस्त झाले असावे.) संध्याकाळपर्यंत नऊ गेल्या. उरलेल्या दोन आत्याने पेटीत ठेवल्या आणि फोनवरून व्यापाऱ्याला कळवले, की उद्या येत नाही आणि पुढचा ताणाही घेत नाही. फोन ठेवून ती आईला म्हणाली, "वहिनी, पुढचा रंग मी हळदीचा धरणार. त्यो म्हणायचा, हळदीचा कोणी घेत नाही."

शास्त्रीय वृत्तीचा तोटा असा की ती योग्य वेळी थांबत नाही. शालूच्या काठाचा रोध घ्यायचा राहिला होता. सगळे जेवायच्या तयारीत असताना मी आतल्या खोलीत शालूवर मीटरची टोके टेकवली. पडद्यावर डाव्या कडेला एकटा १ उमटला. आमच्या मीटरच्या भाषेत त्याचा अर्थ, इथून वीज अजिबात जात नाही. मी जागा बदलली. दुसरा काठ, पदर, आतली बुट्टी. १, १, १.

मामा गॅलरीत तंबाखू मळत होते.

"मामा, शालूला दिवे कसे लागले?"

"लागले ना?"

"जरी प्लास्टिकची आहे."

"हाय," मामा म्हणाले. "दोन टोकं घडीखाली धरली एका चिमटीत. दिसभर तेच करतो आम्ही, टोकाला टोक लावायचं."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हाताला लागली की कळती. तुझ्या आजीलाबी माहीत होतं. त्या साली माग बंद होते सगळे, घरात रेशमाचा धागा नव्हता. सून तर मोठ्या घरची आणायची होती." त्यांनी तंबाखूतली काडी काढून टाकली. "आख्ख्या येवल्याला माहीत होतं म्हण. अठ्ठावीस वर्षं झाली. कोणी बोललं का?"

तेवढ्यात आई गॅलरीत आली. तिच्या हातात माझी वही होती. घरातल्या कोणीही कधी न वाचलेली ती वही नेमकी आज तिने चष्मा लावून वाचायला घेतली होती.

"सगळ्यांचे आकडे लिहिलेस. माझ्या शालूपुढे जागा कोरी का?"

"घेते आहे, आई."

"कमी आकडा म्हणजे चांगली जरी, असंच ना? सकाळी भामरे मॅडमना सांगत होतीस ते ऐकलं मी. त्यांच्या पैठणीचा किती आला?"

"दोन पूर्णांक सहा."

"आणि माझ्या?"

मामा रस्त्याकडे पाहू लागले. मी पेन उघडले. संशोधनवृत्तीच्या मुलाखतीला अकरा दिवस होते. तिथे मला विचारले जाणार होते की निरीक्षण आणि अपेक्षा यांत अंतर पडले तर तुम्ही काय कराल. (विचारलेही. मी निःसंकोचपणे सांगितले, की निरीक्षण आहे तसे नोंदवीन.) आईला दिसेल अशा बेताने वही कठड्यावर टेकवून मी तारीख घातली, वेळ घातली, सायंकाळी सात दहा, उपकरणाचे नाव घातले, आणि माझ्या शास्त्रीय कारकिर्दीतला पहिला आकडा, जो मी मोजला नाही, तो दशांशचिन्हासकट, एककासकट, सुवाच्य अक्षरात लिहिला.

आईचा शालू, उजवा काठ: २.४ ओहम.